मुक्ती कोणापासून? : ख्रिस्ती विचारातील पाप, स्वार्थ आणि स्वातंत्र्य

‘मुक्ती’ हा शब्द आपल्या कानाला इतका सवयीचा झाला आहे की तो ऐकून कोणी थबकत नाही. कीर्तनात तो येतो, तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात येतो, निवडणुकीच्या सभेतही येतो. परंतु मुक्ती म्हटली की लगोलग दुसरा प्रश्न विचारला पाहिजे : कोणापासून? जन्ममरणाच्या फेऱ्यापासून, असे वेदान्ती सांगेल. तृष्णेपासून आणि तिच्यातून उपजणाऱ्या दुःखापासून, असे बौद्ध सांगेल. मालकाच्या वहीतल्या बाकीपासून, असे आपल्याकडचा सालदार सांगेल, आणि त्याचे उत्तर या दोघांपेक्षा कमी महत्त्वाचे आहे असे मानण्याचे कारण नाही. ख्रिस्ती धर्माचे उत्तर ऐकायला सर्वांत साधे आणि पचायला सर्वांत अवघड आहे. तो म्हणतो, माझ्यापासून.

हे उत्तर नीट समजून घेण्याचा प्रयत्न येथे करावयाचा आहे. नाकाडोंगरी-तुमसरच्या या टापूत ख्रिस्ती वस्ती तुरळक. त्यामुळे या धर्माविषयी आपली माहिती बहुधा नाताळ, मिशनचे दवाखाने आणि ‘पापांची क्षमा’ हे सिनेमात ऐकलेले शब्द एवढ्यावर थांबते. पण या विचाराने मराठी मनाला कसे हलविले याची एक हकीकत आपल्या जिल्ह्यातून अक्षरशः जाऊन गेलेली आहे. तिच्याकडे पुढे वळू. आधी शब्दांचा उलगडा करणे बरे.

‘पाप’ म्हटले की आपल्यापुढे एक यादी येते. चोरी, खोटे बोलणे, व्यभिचार, जीवहत्या. पुण्याचीही तशीच यादी असते, आणि एका पारड्यात हे व दुसऱ्यात ते घालून चित्रगुप्त हिशेब करतो अशी आपली ढोबळ समजूत. ‘नव्या करारा’ची मूळ भाषा ग्रीक. तीत पापासाठी जो मुख्य शब्द आहे, ‘हामार्तिया’, त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. बाण सुटला, पण भलतीकडे गेला. म्हणजे प्रश्न एकेका कृत्याचा नसून धनुष्य धरणाऱ्याच्या रोखाचा आहे. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तर पाप हे कृत्य राहतच नाही. ते एक सत्ता होते, धनी होते. माणूस त्याच्याकडे राबतो आणि मजुरी म्हणून मरण घेतो. पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सांध्यावर वाढलेल्या मार्टिन ल्यूथरने १५१५-१६ मध्ये याच पत्रावर व्याख्याने देताना पापी माणसाचे वर्णन स्वतःकडेच वाकलेला, आतल्या आत कललेला असे केले. हे चित्र मला फार बोलके वाटते. पाठीत बाक आलेल्या माणसाला वर पाहा म्हटले तर त्याची इच्छा असूनही मान वर होत नाही. त्याला फक्त स्वतःचे पाय दिसतात.

दुसरा शब्द ‘देह’. पौल ‘देहाच्या वासना’ असे वारंवार म्हणतो आणि मराठी वाचकाला वाटते की हा मनुष्य शरीराचा शत्रू असावा. गलतीकरांना लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय उघडून पाहिला म्हणजे हा गैरसमज दूर होतो. तेथे त्याने देहाच्या कृत्यांची यादी दिली आहे. तीत जारकर्म आहे, मद्यपान आहे, परंतु यादीचा जवळजवळ अर्धा भाग वैर, कलह, मत्सर, राग, तट पाडणे, हेवा यांनी भरलेला आहे. यातली एकही गोष्ट करायला शरीर फारसे लागत नाही. ती खुर्चीत बसून, धुतलेले कपडे घालून, देवपूजा आटोपूनही करता येते. तेव्हा पौलाचा ‘देह’ म्हणजे हाडामांसाचे शरीर नव्हे. आपल्याभोवतीच फिरणारा जीवनाचा सगळा व्यवहार त्याला अभिप्रेत आहे. आपल्याकडच्या षड्रिपूंतही काम एकच, आणि मद-मत्सर पुढे रांगेत उभेच आहेत.

एक ओळखीचे उदाहरण घेऊ. आपल्या भागात मोहफुलाच्या दारूने किती घरे बसली हे सांगायला नको. एखादा मनुष्य गायमुखच्या यात्रेत महादेवापुढे शपथ घेतो आणि दारू सोडतो. पहिल्या वेळी शपथ मोडते, दुसऱ्या वेळी मोडते, तिसऱ्या वेळी टिकते. फार चांगले झाले. बायकोपोरांना दोन घास मिळू लागले. पण वर्ष-दोन वर्षांनी असेही दिसते की हाच मनुष्य न सुटलेल्यांकडे तुच्छतेने पाहू लागला आहे, घरात आपल्या शपथेचा धाक दाखवू लागला आहे, चार लोकांत आपलेच गुण गाऊ लागला आहे. वासना गेली की तिने कपडे बदलले? ख्रिस्ती विचारवंतांचे सारे लक्ष या दुसऱ्या अवस्थेवर आहे. येशूने ज्यांना सर्वांत कठोर शब्द ऐकविले ते जकातदार किंवा वेश्या नव्हते. नियम काटेकोर पाळणारे परूशी लोक त्याच्या बोलण्याचे लक्ष्य होते. कारण दारूच्या आहारी गेलेल्याला आपण बांधलेले आहोत हे निदान ठाऊक असते.

मग नियमाने सुटका का होत नाही? रोमकरांच्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल स्वतःची अवस्था सांगतो : जे करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा आहे तेच होते. हे वाचताना महाभारतपरंपरेतला दुर्योधन आठवल्यावाचून राहत नाही. धर्म कळतो पण तिकडे मन वळत नाही, अधर्म कळतो पण त्यातून पाय निघत नाही, असे त्याच्या तोंडी घातलेला श्लोक आपल्यापैकी पुष्कळांना पाठ असेल. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनही हाच प्रश्न करतो की इच्छा नसताना जबरदस्तीने लोटल्यासारखा माणूस पाप का करतो. श्रीकृष्णाचे उत्तर काम आणि क्रोध असे आहे. म्हणजे रोगाच्या निदानात पौल आणि गीता यांत फार अंतर नाही. अंतर पडते ते उपचारात. गीता इंद्रियांवर बुद्धीचा, बुद्धीवर आत्म्याचा ताबा सांगते. पौल म्हणतो की ताबा घेणारा ‘मी’च जर रोगी असेल तर त्याने स्वतःला कसे बरे करावे? विहिरीत पडलेला माणूस स्वतःच्या शेंडीला धरून स्वतःला वर ओढू शकत नाही. दोर वरूनच यावा लागतो. या वरून आलेल्या दोराला ख्रिस्ती परिभाषेत ‘कृपा’ म्हणतात.

चौथ्या शतकातील ऑगस्टिनची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. उत्तर आफ्रिकेत जन्मलेला हा बुद्धिमान वक्तृत्वशिक्षक. आपल्या ‘कबुलीजबाबां’त तो पोरवयातली एक चोरी सांगतो. मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नासपती चोरली, खाल्ली थोडी आणि बाकीची डुकरांपुढे टाकली. घरी याहून चांगली फळे होती, भूकही नव्हती. मग चोरी का केली? केवळ वर्ज्य म्हणून, आणि सोबत्यांत मान राहावा म्हणून. इतर आत्मचरित्रकार अशी गोष्ट गमतीने सांगून पुढे गेले असते. ऑगस्टिन पानेच्या पाने तिच्यापाशी घुटमळतो, कारण येथे त्याला लोभाच्याही खाली असलेला काही तरी थर दिसतो. पुढे पवित्र जीवनाची ओढ लागूनही तो दिवस पुढे ढकलत राहिला. निर्णय झाला तो ३८६ साली मिलान शहरातील एका बागेत. त्याच्या लेखी इच्छाशक्ती हीच बेडी होती. एकेक कडी त्याने स्वतःच घडविलेली : वाकड्या इच्छेतून वासना, वासनेतून सवय, सवयीतून अगतिकता.

आता ‘सुटका’ या शब्दाकडे वळू. आमच्या मते या विषयातला सर्वांत रोचक भाग हाच, आणि पाठ्यपुस्तकांत तो सापडत नाही म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पौलाच्या काळी गुलामगिरी ही रोजची गोष्ट होती. त्याचे श्रोते काही गुलाम, काही सुटलेले गुलाम, काही मालक. ग्रीस देशातील डेल्फी येथे अपोलो देवाचे प्रख्यात मंदिर होते. तेथील भिंतींवर गुलाममुक्तीचे एक हजाराहून अधिक लेख कोरलेले सापडले आहेत. पद्धत अशी की गुलामाची किंमत देवाच्या नावाने मालकाला मिळावयाची, साक्षीदार उभे राहावयाचे आणि कागदोपत्री देवाने तो गुलाम ‘स्वातंत्र्यासाठी’ विकत घ्यावयाचा. पैसा बहुधा त्या बिचाऱ्यानेच पै पै करून साठविलेला असे. देवाच्या मालकीचा झाल्यावर मात्र त्याला पुन्हा कोणी गुलाम करू शकत नसे. जर्मन पंडित आडॉल्फ डाइसमान याने १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या लेखांकडे लक्ष वेधले आणि दाखविले की पौलाची भाषा, म्हणजे मोल देऊन विकत घेतले जाणे, स्वातंत्र्यासाठी मुक्त होणे, पुन्हा जुवाखाली न अडकणे, ही त्या बाजारातील लोकांना ताबडतोब कळणारी भाषा होती. फरक एवढाच की पौलाच्या हिशेबात पैसा गुलामाने भरलेला नाही.

या लेखांत आणखी एक गंमत आहे, गंमत कसली, क्रूर थट्टाच. पुष्कळ लेखांत एक कलम असे की सुटलेल्या गुलामाने जुना मालक जिवंत असेतो त्याच्याजवळच राहावे आणि सांगेल ते काम करावे. नावाने स्वतंत्र, राबणे पूर्वीचेच! हे वाचून आपल्याकडच्या सालदारीची आठवण कोणाला होणार नाही? साल संपते, हिशेब होतो आणि उचल फिटण्याऐवजी पुढच्या सालात चढते. १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला, कागदावर बिगारी संपली, पण वहीतली बाकी काही कायदा वाचत नाही. पौल गलतीकरांवर इतका का चिडतो हे या कलमावरून कळते. त्याचे म्हणणे, तुम्हाला पूर्ण सोडविले असता तुम्ही पुन्हा विधिनिषेधांचे, सुंतेचे, सणवारांचे करार करून जुन्या मालकाच्या ओसरीवर कशाला जाऊन बसता?

जाता जाता मराठी शब्दाचीही गोष्ट. ख्रिस्ती मराठीत मोक्षाला ‘तारण’ म्हणतात आणि ख्रिस्ताला ‘तारणारा’. तारून नेणे या अर्थाने तो शब्द आला हे उघड आहे. परंतु बँकेत गेले की तारण म्हणजे कर्जासाठी अडकवून ठेवलेली वस्तू! एकाच शब्दात अडकणे आणि सुटणे दोन्ही बसावीत हा योगायोग खरा, तरी भाषा कधी कधी शहाण्यासारखी बोलते. या परभाषेतल्या कल्पना मराठीत उतरविण्याची खटपट फार जुनी आहे. गोव्यात फादर स्टीफन्स याने १६१६ मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ओवी छंद घेतला आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द बेधडक वापरला. इंग्लंडात जन्मलेला माणूस मराठीवर इतका भाळला होता.

आता ती हकीकत.

नारायण वामन टिळक हे नाव आपण ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून शाळेत वाचलेले असते. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. कुठे एका जागी न रमणारे हे गृहस्थ काही काळ नागपुरात होते. तेथे अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांनी वेदविषयक लेखनाचे काम केले आणि पुढे राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले. १८९३ च्या सुमारास नागपूर-राजनांदगाव गाडीत त्यांना एक युरोपियन सहप्रवासी भेटला. बोलणे निघाले ते कवितेवरून. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ भेट दिला आणि हे वाचाल तर ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. ही आगगाडी आपल्याच जिल्ह्यातून जाते. भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया हीच तिची वाट, आणि गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होते. त्या डब्यातील संभाषण नेमके कोणत्या स्टेशनावर रंगले हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण आपण तुमसर रोडला गाडीची वाट पाहत उभे असतो त्या रुळांवरून ते गेले, एवढे निश्चित.

टिळकांनी दिलेला शब्द पाळायचा म्हणून पुस्तक वाचावयास घेतले, हातात पेन्सिल घेऊन. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते अडकले. शत्रूवर प्रीती करा, उजव्या हाताचे दान डाव्याला कळू देऊ नका या अर्थाची ती शिकवण. लक्षात घेण्याजोगे हे की टिळक पापाच्या भयाने ख्रिस्ताकडे गेले नाहीत. त्यांना ओढले ते एका व्यक्तीच्या प्रेमाने, आणि हा रस्ता त्यांना तुकोबांनी आधीच दाखविलेला होता, हे ते स्वतः आनंदाने सांगत. अभंगांत त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हणून आळविले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तोही त्यांच्या आग्रहाप्रमाणे भारतीय पाळकाच्या हातून.

येथपर्यंतची कथा चरित्रग्रंथांना आवडणारी आहे. आपण मात्र आपला प्रश्न सोडता कामा नये : या माणसाची स्वतःपासून सुटका झाली का? आणि हे कोणाला विचारायचे? माझे मत असे की स्वार्थातून सुटलो की नाही हे ज्याचे त्याला कधीच विचारू नये. ते त्याच्या घरात विचारावे. सुदैवाने टिळकांच्या घरात उत्तर देणारी व्यक्ती होती आणि तिने ते उत्तर लिहूनही ठेवले. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. मराठीतल्या उत्तम गद्यग्रंथांत त्याची गणना होते. धर्मशास्त्राच्या दृष्टीनेही ते वाचले जावे, असे मी सुचवीन.

१८९५ च्या त्या दिवशी लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिले तर काय घडले? नवऱ्याने धर्म सोडला. सोवळ्यात वाढलेल्या या बाईच्या पदरी लहानगा दत्तू. त्या काळच्या समाजात नवरा जिवंत असून नसल्यासारखा. दुःखाने त्या भ्रमिष्टासारख्या झाल्या, काही काळ पंढरपूरला राहिल्या, नातेवाइकांच्या आधाराने चार-पाच वर्षे काढली. टिळकांना सद्सद्विवेकाची मुक्ती मिळाली खरी, पण तिची किंमत त्यांच्या एकट्याच्या खिशातून गेली नाही. येथे मला डेल्फीच्या भिंती आठवतात. सुटकेचा लेख एकाच्या नावाचा, पैसा साठविणारा दुसराच.

टिळक मुळात दुष्ट नव्हते, उलट उदार होते. आणि नेमका तोच घोटाळा होता. तापट स्वभाव, आणि देण्याचा झटका असा की घरात काय शिल्लक आहे याचा विचार नाही. सामान आणायला पैसे घेऊन गेलेले टिळक सुंदरशी दौत घेऊन परततात हा प्रसंग पाठ्यपुस्तकांतून महाराष्ट्रभर पोचला. आपण तो वाचून हसतो, आणि लक्ष्मीबाईंनी हसविण्यासाठीच तो लिहिला आहे. पण चूल त्यांची थंड होती. स्वार्थत्याग करणारा मनुष्यही आपल्या त्यागाच्या छंदात दुसऱ्याला गृहीत धरू शकतो. यादीतल्या पापांत हे कुठे बसते? कुठेच नाही. आत कललेल्या मनाच्या कल्पनेत मात्र ते बरोबर बसते.

आणि तरीही ‘स्मृतिचित्रे’ हे तक्रारीचे पुस्तक नाही. बदल दिसतो, दोघांतही दिसतो, हळूहळू आणि अर्धामुर्धा. लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपले सोवळे घेऊनच. टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही, त्यांच्या वेगळ्या पाणी-स्वयंपाकाची सोय राहू दिली. तापट माणसाला हे जमले याला मी लहान गोष्ट समजत नाही. मग लक्ष्मीबाईंच्या मनाने आपल्याआपणच विचार केला की जातिभेद देवाने केला असेल हे संभवत नाही. एकदा ठरल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी घेण्याचा निश्चय केला, आणि हे त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधी! १९०० मध्ये राहुरी येथे त्यांनी दीक्षा घेतली. त्या सुमारास पडलेल्या दुष्काळात या ओढग्रस्त घराने निराधार मुले पोसली, आणि प्लेगच्या काळात नगरला या दोघांनी रोग्यांच्या छावणीत काम केले. प्लेगची छावणी म्हणजे काय हे आजच्या वाचकाने नुसती कल्पना करून पाहावी. सख्खे नातेवाईक जिथे पाय ठेवीत नसत तिथली ती शुश्रूषा होती.

ल्यूथरने १५२० मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यातला गाभा असा की श्रद्धेमुळे ख्रिस्ती मनुष्य कोणाचाच ताबेदार नाही आणि प्रेमामुळे तो सर्वांचा चाकर आहे. प्रथमदर्शनी हे कोडे वाटते. प्लेगच्या छावणीत ते उलगडते. ज्याला पुण्य कमवायचे आहे तो रोग्याकडे पुण्याचे साधन म्हणून पाहील. ज्याची स्वतःची बाकी फिटलेली आहे त्यालाच रोगी निव्वळ रोगी म्हणून दिसेल. गीतेच्या निष्काम कर्माशी याचे नाते कोणालाही जाणवेल. विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केले ते उगाच नव्हे.

या विचारावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आतल्या गुलामगिरीचे एवढे कौतुक केले की बाहेरची गुलामगिरी तशीच राहते. पौलाने अनेसिम नावाच्या पळालेल्या गुलामासंबंधी त्याचा मालक फिलेमोन याला पत्र लिहिले. त्याला दास म्हणून नव्हे तर बंधू म्हणून स्वीकार अशी विनंती केली, पण गुलामगिरीच मोड असा हुकूम केला नाही. पुढे अठराशे वर्षे ख्रिस्ती मालक गुलाम बाळगीत राहिले, आणि आपल्या देशातही चर्चमध्ये गेलेली जात चर्चमध्ये बसून राहिली, डॉ. आंबेडकरांनी यावर कठोर टीका केली आहे. हा आक्षेप मला पूर्णपणे खोडता येत नाही. सालदाराला ‘तू स्वतःपासून मुक्त हो’ असे सांगणे हा त्याच्या मालकाला फार सोयीचा उपदेश आहे.

आक्षेपाला शब्दांनी नव्हे तर कामाने दिलेले एक उत्तर मात्र महाराष्ट्रात आहे, ते केडगावला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. तेथील चर्चच्या मंडळींनी त्यांच्याकडून आज्ञाधारकपणाची अपेक्षा केली तेव्हा या बाईंनी लेखी सुनावले की पुरोहितांचे एक जोखड मोठ्या कष्टाने टाकून मी दुसरे घालून घेणार नाही. (हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. मिळाल्यास अवश्य वाचावा, वाद कसा घालावा याचा तो वस्तुपाठ आहे.) त्यांची वाट टिळकांहून निराळी. १८९१ च्या सुमारास त्यांना असे जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण ख्रिस्त आपल्याला भेटलेलाच नाही. विद्वत्ता, प्रवास, संस्था, कीर्ती, सारे असूनही ‘मी’ शाबूत आहे. रमाबाईंसारख्या व्यक्तीने हे कबूल करावे याला धैर्य लागते.

आणि मग त्या ध्यानाला बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात आल्या. आपला भंडारा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. तरुणपणी दुष्काळानेच त्यांचे आईवडील नेले होते, त्यामुळे दुष्काळात अन्नासाठी मुलींचे काय होते हे त्यांना कोणी सांगावयाची गरज नव्हती. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी सोडवून नेल्या. केडगावच्या वसाहतीला त्यांनी नाव दिले ‘मुक्ती’. पुढच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, तेलघाणी, छापखाना, सारे स्त्रियांच्या हाती. तेथील छापखान्यात त्यांच्या स्वतःच्या सोप्या मराठीतले बायबल खिळे जुळवून छापले गेले. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. त्यांच्या संस्थेतील धर्मांतराविषयी पुण्यात १८९३ मध्ये उठलेले वादळ आणि त्यातले खरेखोटे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच पाहावयाचे की त्यांच्या हातून ‘मुक्ती’ या एका शब्दात आतली आणि बाहेरची सुटका वेगळी काढता येत नाही. वासनेतून सुटलेल्या मनाला भुकेली मुलगी दिसते आणि जिची भूक भागली तिलाच मनाचा विचार करता येतो.

टिळकांचा शेवटचा प्रयत्नही याच दिशेचा होता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. कोणाच्या पैशाने बांधलेले नाही असे भारतीय वळणाचे ख्रिस्ती जीवन त्यांना उभे करावयाचे होते. दोनच वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले.

ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्याच्या धरसोडीने अक्षरओळख झालेल्या या बाईने ‘ख्रिस्तायना’च्या अध्यायांमागून अध्याय रचले. नवऱ्याच्या मागे मुलींच्या वसतिगृहाचे काम केले, मुलाबरोबर कराचीला गेल्या, आणि उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ लिहावयास घेतले. त्या लेखनात टिळकांचा राग आहे, झटके आहेत, दौत आहे, आणि कोणत्याही पानावर जुनी बाकी वसूल केल्याची खूण नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या तेव्हा शेवटचा भाग छापून यावयाचा होता.